दोन हिसके

सुट्टीतल्या पर्यटकांची पहिली पार्टी शनिवारी येणार होती. मी यॉटचा डेक घासला, शिडं उन्हात पसरली आणि शेवटी डोलकाठीवर चढताना बसायची फळी काढली. टोकावरचा दिवा बदलायला माणूस दुपारी येणार होता. तोवर दोर कुठे अडकत नाही ना, हे बघायला मी खालून दोर ओढत रिकामी फळीच टोकापर्यंत चढवली.

या कामाचा एकच नियम आहे. वरच्याने दोन हिसके दिल्याशिवाय खालच्याने दोर सोडायचा नाही. गेल्या वर्षी दादा वर होता. एकच हिसका आला, आणि मला घाई होती. दादा फळीवरून उठून, डोलकाठीला धरून दिव्याकडे वाकलेला असताना मी दोर सोडला. तो परत बसायला गेला तेव्हा खाली फळी नव्हती. दोर तुटला, असं मी वहिनीला सांगितलं.

आता हातातल्या दोराला हिसका बसला. वारा पडलेला होता. मी वर पाहिलं, तर फळी रिकामीच. मग दुसरा हिसका बसला आणि दोर एकदम माणसाएवढा जड झाला.

मी तो वीतवीत सोडू लागलो. तळहात सोलवटले, तरी घाई केली नाही.

वहिनी यॉटला वाढवायचा नारळ घेऊन केव्हाची जेटीवर उभी होती. तिने वरच्या फळीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"भाऊजी," ती म्हणाली, "आज कुणाला एवढं सांभाळून उतरवताय?"