टाचणीने पाडलेली भोकं

वुर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेत गेझिने तीन आठवड्यांनी परतली, ती कचऱ्याची पिशवी हातात घेऊनच. आईला पक्षाघाताचा झटका आल्याचा फोन आला, तेव्हा बाराही बश्या ओव्हनमध्ये तशाच टाकून ती ल्युबेकला धावली होती. त्यांत काच आणि पॉलिमर एकजीव केलेलं द्रावण नुकतंच जेलीसारखं थिजलं होतं. ते अगदी हळूहळू सुकवावं लागतं. जरा घाई झाली की तडा. आधीच्या तीन खेपा अशाच वाया गेल्या होत्या, आणि हे काम चालू ठेवायचं की बंद करायचं, ते परवा ठरणार होतं.

तिने ओव्हनचं दार उघडलं.

बश्यांतल्या द्रावणाच्या बाराही चकत्या अखंड होत्या. पाण्यासारख्या नितळ. तिने एक उचलून चिमटीत दाबली. ती किंचित वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

"पिशवी कशाला आणलीत, डॉक्टरबाई?" मागून ओटमारने विचारलं. हा तिथला जुना तंत्रज्ञ. फार सावकाश काम करतो म्हणून गेझिनेने त्याला दोनदा सगळ्यांदेखत झापलं होतं.

"हे तुम्ही केलंत?"

"मी कसलं करतोय! ओल हळूहळू जावी म्हणून झाकणाच्या प्लास्टिकला रोज टाचणीनं एकेक भोक पाडलं, किती सुकलं ते बघायला वजन केलं, परत आत ठेवलं."

"रोज? रविवारीसुद्धा?"

"रविवारी बायकोला घेऊन आलो. म्हटलं, चल, न फुटणारी काच दाखवतो. तर म्हणते, ही तर जेली, तीही बिनसाखरेची."

गेझिने खळखळून हसली आणि हसता हसता मटकन स्टुलावर बसली. तिचे डोळे भरून आले.

"एक फोन तरी करायचा होतात. मी तर सगळं गेलं असंच धरून चालले होते."

"फोन केला असता, तर तुमचं अर्धं लक्ष इकडे लागलं असतं."

"ओटमार, मी तुम्हाला जे बोलले होते..."

"खरंच बोलला होतात. मी आहेच हळूबाई." त्याने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, घडी करून खणात ठेवली. "आई कशा आहेत?"

"काल माझं नाव घेतलं. अर्धंच."

"कुठलं अर्धं?"

"पहिलं. 'गेझि', एवढंच."

"मग हाक मारली की त्यांनी," ओटमार म्हणाला, आणि दोघांसाठी कॉफी ओतायला वळला.