खिशातली डबी

लाजेपायी हणमंतराव गावातलं मेडिकल सोडून एस.टी.ने साताऱ्याला गेले. तिथल्या मेडिकलमधलं गिऱ्हाईक पांगल्यावर त्यांनी काउंटरवरच्या बाईंकडे पुरुषांची ताकदीची गोळी मागितली. बाईंनी चिठ्ठी न मागताच पाकीट पुढे केलं.

पैसे काढताना खिशातली छोटी डबी काउंटरवर पडली. तिच्यावरचं नाव वाचून बाईंनी पाकीट मागे ओढलं. "काका, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवता ती गोळी ना? दोन्ही घेतल्या तर जिवावर बेतेल. आधी डॉक्टरांना विचारा."

रोज सकाळी ती डबी खिशात घालणाऱ्या बायकोला त्यांनी घरी येऊन सगळं सांगून टाकलं.

तिने डोळ्यांना पदर लावला. "दोन वर्षं पाठ करून झोपता. मला वाटलं, मीच नकोशी झाले."

"येडी का काय तू."

ती हसली. "उद्या दोघं डॉक्टरांकडे जाऊ, गावातल्याच. लाजायला आपण काय नवरानवरी आहोत?"