माहेरच्या कळा

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून कळाही माहेरच्यांनीच सोसायच्या, असा आता रिवाजच पडला होता. रेवाच्या कण्यातल्या एपिड्युरलच्या नळीतून तिच्या कळा पडद्यापलीकडे निजलेल्या तिच्या आईच्या, हर्षदाताईंच्या कण्यात उतरत होत्या.

"आई, मला काहीच कळत नाहीये गं!" रेवा हसत होती.

अचानक हर्षदाताई किंचाळल्या. "सिस्टर, ही कळ बाळंतपणाची नाही! माझी स्वतःची दोन बाळंतपणं झालीत. आत काहीतरी फाटतंय. आधी माझ्या पोरीला बघा!"

"तिला काय झालंय, मावशी? मजेत आहे ती," सिस्टर त्यांची उशी सारखी करत म्हणाली. "लेकीच्या कळा आईला जरा जास्तच लागतात."

"आई, मला झोप येतेय गं," पलीकडून रेवा पुटपुटली.

"झोपू नकोस, रेवा!"

तेवढ्यात बाळ रडलं आणि दिवा विझावा तशी हर्षदाताईंच्या पाठीतली कळ थांबली.

"बघा, झाली की नाही मोकळी!" सिस्टर म्हणाली.

बाळ झाल्यावरही पोटात बराच वेळ कळा येत राहतात, हे हर्षदाताईंना ठाऊक होतं. डोळे घट्ट मिटून त्या एका तरी कळेची वाट पाहत राहिल्या.