समोरची इमारत

समोरची इमारत पडद्यावर डावीकडे कलत चालली होती आणि ओळंबा खुशीत मांडीवर थापा मारत होता.

हयातभर गवंडीकाम केलेला माणूस. नुसत्या नजरेने भिंत सरळ आहे की नाही सांगायचा, म्हणून गल्लीने त्याचं नावच ओळंबा ठेवलं होतं. गेल्या वर्षी तो कानीकपाळी ओरडायला लागला की समोरची इमारत झुकतेय, एक दिवस आपल्या घरावर येऊन आदळेल. समोरचे म्हणाले, म्हातारचळ लागलाय. नगरपालिकेचा साहेब म्हणाला, पुरावा आणा.

मग पठ्ठ्याने गॅलरीच्या खांबात लोखंडी चौकट सिमेंटने पक्की केली, तिच्यात जुना मोबाइल अडकवला आणि रोज सकाळी समोरचा एक फोटो काढला. पाऊस असो, अंगात ताप असो, खाडा नाही. आज सुनेने ते सगळे फोटो एकापुढे एक जोडून व्हिडिओ केला होता. अख्खं वर्ष अर्ध्या मिनिटात पळत होतं. दोरीवर कपडे यायचे, जायचे. झाडाची पानं झडली, पुन्हा फुटली. इमारत आपली कलतच होती.

सुनेने व्हिडिओ पुन्हा लावला. मग परत एकदा लावला आणि खुर्चीत पुढे सरकून बसली.

"बाबा, मागची पाण्याची टाकीपण कलतेय."

ओळंब्याने चष्मा पुसला. टाकी कलत होती. टाकीमागचा टॉवर कलत होता. त्याच्याही मागे डोंगर होता, तोसुद्धा डावीकडे उतरत होता. डोंगर कसा कलेल, असं तो पुटपुटला. सून म्हणाली, कॅमेरा सरकला असेल, मी सगळे फोटो सरळ करून घेते.

"सरकेल कसा? पहारीने उपटलास तरी खांबातून निघायचा नाही," तो म्हणाला आणि बोलता बोलता पडद्याच्या कडेकडे वाकून पाहू लागला.

फोटोच्या कडेला त्यांच्याच गॅलरीचा खांब दिसत होता. सगळं जग डावीकडे चाललं होतं, तो एक खांब जागचा हलला नव्हता. घर झुकत गेलं, तसा घरात रुतलेला कॅमेराही झुकत गेला होता.

हे घर ओळंब्याने स्वतः बांधलं होतं. पायापासून गच्चीपर्यंत दुसऱ्या कोणाला विटेला हात लावू दिला नव्हता. याखेरीज डोक्यावर दुसरं छप्पर नव्हतं. सुनेलाही एव्हाना उमगलं होतं. साहेबाला दाखवलं तर आजच्या आज घर रिकामं करायला लावतील, आणि नाही दाखवलं तर काय होईल ते समोर दिसतच होतं.

"बाबा, जायचं कुठे?"

तेवढ्यात आतून बायको पदराला हात पुसत आली.

"काय निघालं हो? पडणार का ती?"

"नाही," ओळंबा म्हणाला. "ती पक्की आहे. तिला काही होत नाही."

बायकोने मोठा सुस्कारा सोडला. देवच पावला म्हणाली, वर्षभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. समोरची अंगावर येईल या धास्तीने तिने इतके दिवस गॅलरीत पाऊल टाकलं नव्हतं. आता ती गेली आणि कठड्यावर सगळा भार टाकून निवांत उभी राहिली.