शेऱ्याचा रकाना

नमुना आता घटकाभराचा सोबती होता. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तळहाताएवढा तुकडा. यंत्र त्याला सेकंदाला दहा वेळा ओढत होतं, सोडत होतं. तिने सूक्ष्मदर्शकातून तड्याचं टोक गाठलं आणि वहीत लिहिलं: एकतीस पूर्णांक चार मिलिमीटर.

अठरावा आणि शेवटचा नमुना. हा तुटला की चाचणी संपणार, वही कपाटात जाणार. तिचा जीव त्या वहीत अडकला होता.

मोजमापाशेजारी शेऱ्याचा रकाना होता. पुढच्या पाळीला काही सांगायचं असेल तर तिथे लिहायचं. पहिला महिना रात्रपाळीवाल्याने नुसत्या सह्या ठोकल्या. मग एकदा लिहिलं, “तडा डावीकडे वळतोय. दिवा जवळ घ्यावा, डोळे सांभाळावेत.” तिने खाली लिहिलं, “घेतला.” पाच महिन्यांत रकाना पुरेना, मजकूर समासात सांडू लागला. “सतरावा भारी चिवट. आपल्यासारखाच.” हे वाचून ती दिवसभर एकटीच हसत होती.

पाळी बदलताना ती पाच मिनिटं आधी निघायची, तो पाच मिनिटं उशिरा यायचा. कागदावर जमतं ते समोर जमेल, याची खात्री दोघांनाही नव्हती.

नवी भांडारवाली पिशवी उचलताना म्हणाली, “ताई, आज थांबताय म्हणे रात्रपाळीवाल्यासाठी? घरी काय सांगाल?”

“घरी विचारतंय कोण?”

“मग काय, रान मोकळं.” डोळे मिचकावून ती गेली.

सहाला सात मिनिटं कमी असताना नमुना तुटला. काडी मोडावी तेवढाच आवाज. यंत्र आपोआप थांबलं. खोलीतली शांतता तिला सोसेना. तिने आवर्तनांचा आकडा लिहिला, सही केली. शेऱ्यात लिहिलं, “आता कुठे लिहायचं?”

आज तो वेळेवर आला. तिला पाहून दारातच थबकला. मग वही ओढून शेरा वाचला, खिशातलं पेन काढलं. तिने पानावर हात ठेवला.

“तोंडाने सांगा.”

त्याने पेन परत खिशात ठेवलं. घसा खाकरला.

“मी आज किल्ली घरीच ठेवून आलोय. सकाळी दार तुलाच उघडावं लागेल,” दीड वर्ष अबोला धरलेला तिचा नवरा म्हणाला.