माणसाचा शब्द

मुरगूडच्या क्रांतीला इतिहासाचं वेड लावलं ते त्र्यंबक सरांनी. विद्यापीठात बाकीचे प्राध्यापक जुन्या कागदांवर जीव टाकायचे. सर मात्र टेबलावर हात आपटून सांगायचे, "गरिबानं कधी कागद केला नाही, म्हणून काय त्याचं बोलणं खोटं? माणसाचा शब्द हाच पुरावा!" आणि पोरं गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायची.

त्याच कामाला अनुदान येणार म्हणून सरांनी क्रांतीला तिच्या नावावर बँकेत खातं काढायला लावलं. कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम स्वतःकडं ठेवून घेतलं.

"कायतरी लिवून घे की त्यांच्याकडनं," आबा घरी म्हणाले.

क्रांती उसळलीच. "सरांकडनं लिवून घ्यायचं व्हय? आबा, तुमास्नी न्हाय कळायचं त्ये."

दिवाळी झाली आणि पोलिसांचा फोन आला. ऑनलाइन फसवून लुबाडलेल्या लोकांचा पैसा तिच्या खात्यातून पुढं गेला होता. चौकीत तिनं रडत रडत सगळं सांगितलं, तसं साहेबांनी सरांनाही बोलावून घेतलं. सर दारात दिसले आणि क्रांतीच्या जिवात जीव आला. आता सर सांगतील की पोरगी खरं बोलतेय.

सरांनी सावकाश चष्मा पुसला. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.



"साहेब, नुसत्या बोलण्याला कुणी पुरावा म्हणतं का? माझ्या सहीचा एखादा कागद असेल, तर दाखवायला सांगा तिला."