१७६८ चा रंधा

रंधा नव्या बुटासारखा चकाकत होता. गिझी त्याच्याकडे बघत राहिली.

"याला काय म्हणायचं काका?" तिने विचारलं. "रंधा की लग्नातला केक?"

देझोकाका बाकावर मान खाली घालून बसले होते. बनियनवर वॉर्निशचे ओघळ, नखांत भुसा. "साफ केला," ते पुटपुटले. "पाहुण्या येणार म्हणालीस ना."

पाहुण्या दारातच उभ्या होत्या. एतेल्काताई, तालुक्याच्या म्युझियमच्या. हातात भिंग होतं आणि अंगातला कोटसुद्धा अजून काढला नव्हता. अख्खं घर वॉर्निशने घमघमत होतं. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि रंधा दोन बोटांनी उचलला, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा.

"कोरलेले आकडे कुठायत?"

"हाताला टोचायचे," काका म्हणाले. "घासून टाकले."

"आणि ट्यूलिपचं फूल?"

"तेपण."

एतेल्काताईंनी डोळे मिटून घेतले.

गिझीचे बाबा, आंब्रुश सुतार, जाऊन तीन महिने झाले होते. ते होते तोवर आसपासच्या खेड्यांतले लोक गंजलेले, उंदरांनी मुतलेले रंधे पोत्यात घालून त्यांच्याकडे आणायचे. बाबा रंधा उलटा करायचे, पाचर काढून हुंगायचे, पात्यावर लोहाराचा शिक्का शोधायचे आणि साल सांगून टाकायचे. त्यांना उलट प्रश्न कुणी कधी केला नाही.

त्यांचा स्वतःचा रंधा सगळ्यांत जुना. पुढच्या तोंडावर कोरलेलं फूल, खाली चार आकडे, १७६८. दर उन्हाळ्यात तो म्युझियमच्या काचेत जायचा आणि थंडी पडली की घरी यायचा. येत्या रविवारी तिथल्या हत्यारांच्या खोलीला बाबांचं नाव लागणार होतं. पितळेची पाटी बनूनसुद्धा आली होती.

आणि मागच्या आठवड्यात राजधानीतून कुणा विद्वानाचं पत्र येऊन थडकलं. फोटो बघून त्याला शंका आली होती. आकडे फार ताजे वाटतात म्हणे.

"अर्ध्या मिनिटाचं काम होतं," एतेल्काताई म्हणाल्या. "खरी जुनी खाच असली की तळाशी चरबी आणि हाताचा मळ थरावर थर बसून दगड झालेला असतो. नवी खाच असली की मळ नुसता वरवर फासलेला. भिंग लावलं की झालं. आता मी भिंग लावू कशाला?"

"यांच्या डोक्याला लावा," गिझी म्हणाली. "आत काही सापडतंय का बघा."

"गिझेला!"

"गिझेला काय, ताई? अडीचशे वर्षं टिकलेली वस्तू म्हणता ना तुम्ही? यांनी एका दुपारी मारली. वाळवी परवडली हो. ती बिचारी निदान पोटासाठी तरी खाते!"

काकांनी बनियनला हात पुसले. हात आणखी चिकट झाले.

एतेल्काताईंनी पाचर ठोकून पातं बाहेर काढलं. धार जळून निळी पडली होती. "ग्राइंडर मारलात?"

"गंज होता ना."

"देवा रे." त्यांनी पातं उजेडात धरलं. "अर्धा शिक्का उरलाय. पातं जुनंच आहे. पण पातं काय, कुठल्याही लाकडात बसवा, बसतं. आणि लाकूड जुनं म्हणावं, तर जुन्या तुळया इथे घरोघरी पडल्यात. खरं काय ते त्या खाचाच सांगणार होत्या."

गिझीने नासपतीची दारू दोन पेल्यांत ओतली. काकांना दिली नाही.

"मग आता?" तिने विचारलं. "बाबांच्या पाटीचं काय?"

एतेल्काताईंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. दारूमुळे की रंध्यामुळे, कळायला मार्ग नव्हता.

"लोक काय म्हणतील, ताई? आंब्रुश सुतार लबाड होता म्हणतील?"

"कोण म्हणेल? कशाच्या जोरावर?" एतेल्काताईंनी पेला आपटला. "त्या विद्वानाला मी लिहिते. खरा म्हणता येत नाही, खोटा तर त्याहून म्हणता येत नाही. तपासायला काही उरलंच नाही. आणि पुराव्याशिवाय मेलेल्या माणसाचं नाव मी पुसत नसते. पाटी रविवारी लागेल. तू पहिल्या रांगेत बस."

गिझीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पण हा इथेच ठेवा," रंध्याकडे न बघता ताई म्हणाल्या. "काचेत नको. मला बघवत नाही."

दारापाशी त्या थांबल्या आणि वळल्या. "देझोबाबा, तुमच्या भावाची एवढी एकच खूण उरली होती. तुम्ही तीही खाल्लीत."

काकांनी मान आणखी खाली घातली. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

गाडी चर्चच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत गिझी खिडकीत उभी होती. मग तिने दाराला कडी घातली. मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, बोटांना वॉर्निशचा वास अजून येत होता म्हणून पुन्हा धुतले. बाहेर आली तेव्हा काकांसाठी तिसरा पेला भरला, अगदी काठोकाठ, आणि त्यांच्या हातात दिला.

"पिऊन घ्या आणि गमबूट चढवा काका," ती म्हणाली. "उकिरडा उकरायचाय. बाबांनी शेणात पिकून जुने व्हायला पुरलेले अजून तीन रंधे आहेत. तिन्ही १७६८ चेच."